घोड्याच्या पोटशुळात भिंत काय सांगते

घोड्याला पोटशूळ उठला की तो जमिनीवर लोळतो, पाय झाडतो, वळूनवळून कुशीकडे पाहतो. यातले बहुतेक घोडे औषधाने सावरतात. थोड्यांच्या आतड्याला पीळ पडलेला असतो आणि त्यांचे पोट काही तासांत उघडावे लागते. दोघांना वेगळे ओळखायचे कसे? वेदनेवर विसंबावे, तर आतडे मरू लागल्यावर कळ कधीकधी उलट कमी होते, आणि मालकाला वाटते घोडा सुधारला. गुदमार्गाने हात घालून तपासावे, तर पोटाचा मागचा भागच हाताला लागतो. प्रौढ घोड्याच्या अवाढव्य पोटात एक्स-रेला वाळू किंवा खडे दिसतात, आतड्याचा मऊ भाग फारसा नाही. अशा वेळी सोनोग्राफीने आतड्याच्या भिंतीची जाडी मोजणे हा निर्णयाचा भक्कम आधार आहे. मात्र तो आकडा एकटा वाचू नये.

निरोगी घोड्याच्या लहान आतड्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते, मोठ्याची ४ च्या आसपास. पीळ पडला की पातळ भिंतींच्या शिरा आधी दबतात. धमन्या मात्र रक्त आणतच राहतात. परतीची वाट बंद झालेले ते रक्त आणि पाणी भिंतीतच झिरपते आणि भिंत फुगते. म्हणजे वाढलेली जाडी ही तुंबलेल्या रक्ताभिसरणाची खूण असते. २००४ साली ४२ घोड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाच्या खालच्या बाजूने मोजलेली मोठ्या आतड्याची भिंत ९ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरली, त्या प्रत्येक घोड्यात पीळच निघाला. पण पीळ असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश घोडे या कसोटीतून निसटले. त्यामुळे जाड भिंत दिसली तर शस्त्रक्रियेला उशीर करू नये. ती दिसली नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये, काही वेळाने पुन्हा मोजावे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की घोड्याचे आतडे वायूने भरलेले असते आणि ध्वनिलहरी वायूपाशी अडतात. खरे आहे, वायूच्या पलीकडचे काहीच दिसत नाही. पण आपल्याला हवी ती अलीकडची भिंत, आणि मोठ्या आतड्याचा बराच भाग पोटाच्या कातडीलगतच असतो. दुसरा आक्षेप कौशल्याचा. बेल्जियममधल्या लीज इथल्या पशुवैद्यांनी २०११ मध्ये सात ठरावीक जागा पाहण्याची झटपट पद्धत मांडली. फारसा सराव नसलेल्या डॉक्टरांनाही ती सरासरी अकरा मिनिटांच्या आत जमली. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: भिंत नुसत्या दाहानेही जाड होते, आणि तिथे सुरी चालवून उपयोग नसतो, आकुंचन पावलेले निरोगी आतडेही क्षणभर जाड भासते. म्हणून मोजमाप अनेक जागी घ्यायचे आणि हालचालही पाहायची. फुगलेले, निश्चल, जाड भिंतीचे लहान आतडे एक गोष्ट सांगते. जाड पण हलणारे आतडे दुसरी. जोडीला नाडी, रक्त आणि पोटातले पाणी तपासायचेच.

शस्त्रक्रियेची सोय दूर असेल तिथे या दहा मिनिटांचे मोल वाढते. माथेरानमध्ये मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तिथल्या आजारी घोड्याला गाडीत चढवण्याआधी चालवावे लागणार, तेव्हा कुठे न्यायचे हे लवकर ठरलेले बरे.

शूळ नसतानाही ही भिंत बोलते. लंगडणाऱ्या घोड्याला फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक दिले जाते. ते जास्त झाले की मोठ्या आतड्याचा उजवीकडचा वरचा भाग सुजतो. घोडा मरगळतो, वजन घटते, रक्तातले अल्ब्युमिन उतरते. उजव्या बाजूला अकराव्या ते तेराव्या फासळ्यांच्या दरम्यान, यकृतालगत प्रोब ठेवला की ती सूज मोजता येते. उपचार म्हणजे औषध थांबवणे आणि चारा बदलणे. भिंत खरेच पूर्ववत होते आहे का, हे पुढच्या आठवड्यांत पुन्हापुन्हा मोजून ठरते.