भिजायचं तर आहेच

सह्याद्रीत पावसाळी भटकंतीसाठी रेनकोट घ्यायला निघालेल्याला पहिल्यांदा एकच सांगावंसं वाटतं, की बाबा रे, तू भिजणार आहेस. दोन हजारांचा घे नाहीतर वीस हजारांचा. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालून कोरडा राहिलेला कुणी भेटलाच, तर तो बहुधा गाडीतून उतरलेलाच नसतो. भिजण्याला इलाज नाही, गारठण्याला आहे, आणि खर्च करायचा तो त्यासाठी.

अंधेरी-घाटकोपरच्या माणसाला पाऊस नवा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत आलेले लोक इथे बिल्डिंगीगणिक आहेत. पण शहरात दुकानाचा आडोसा सापडतो, टपरीवर चहा मिळतो. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाठीवर सॅक घेऊन सहा-सात तास भिजल्यावर जो वारा लागतो, तो अंगातली ऊब ओढून नेतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. आधी हुडहुडी भरते, मग बोटांना सॅकचं बक्कल उघडत नाही, मग गडी अडखळत, असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी ‘दमला असेल’ म्हणून त्याला मागे बसवून पुढे जाणं जिवावर बेतू शकतं.

दुकानात ‘ब्रीदेबल’ जाकिटं मिळतात, त्यांची मोहिनी मोठी. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला, त्यातून पुढे गोअर-टेक्स आलं. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. मात्र वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. पाच अंशांच्या कोरड्या थंडीत वाफेला जो जोर मिळतो, तो आपल्या बावीस अंशांच्या, धुक्याने भरलेल्या घाटात ढोबळ हिशेबाने निम्म्यावर येतो. त्यात वरचं कापड पाणी पिऊन जड झालं, की उरलासुरला मार्गही बंद. राजमाचीच्या चढावर महागडं जाकीट घातलेला माणूस आतून घामाने तितकाच निथळत असतो. माझं स्पष्ट मत, निव्वळ सह्याद्रीसाठी त्या पापुद्र्यावर पैसे घालू नयेत. काखेखाली लांब चेन असलेलं साधं जाकीट घ्यावं. चढावर चेन उघडायची, खिंडीत वारा लागला की ओढून घ्यायची.

लेबलवरच्या आकड्याने दबूनही जाऊ नये. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसतं. नुसत्या पावसाचा दाब त्यामानाने किरकोळ. पाणी घुसतं ते सॅकचा पट्टा खांद्यावर दाबतो तिथे आणि शिवणीतून. म्हणून जाकीट उलटं करून प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे आधी पाहावं. मग टोपी घालून मान डावीकडे वळवावी. टोपी सोबत वळली नाही आणि डोळ्यांसमोर अस्तर आलं, तर ते जाकीट परत खुंटीवर. दोन्ही हात शिडी चढल्यासारखे वर करावेत. मनगटाची पट्टी घट्ट बसत नसेल, तर कळसूबाईच्या शिड्यांवर पाणी थेट कोपरापर्यंत उतरतं. खालच्या घेराला नाडी हवीच, कारण नाणेघाटात वारा कड्यावरून धबधबा उलटा वर फेकतो, तिथे पाऊस खालूनही येतो.

पोंचो स्वस्त आणि सॅकसकट झाकणारा. भीमाशंकरच्या रानात, भाताच्या खाचरांतून जाणाऱ्या सपाट वाटेवर तो उत्तम, हवाही खेळती राहते. उघड्या सोंडेवर मात्र तो तोंडावर फडफडतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. बांबूच्या कामट्या आणि पानांच्या इरल्याचंही तसंच. लावणीला वाकलेल्याची पाठ ते छान झाकतं, हात मोकळे ठेवतं, पण ते खाचरासाठी आहे, कड्यासाठी नाही. धनगराची घोंगडी निराळी. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, भिजली तरी ऊब देते. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज भर पावसात पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा मावळ्यांच्या अंगावर काही असलंच तर घोंगडीच असणार. भिजून जड होणारी ती घोंगडी आज कुणी सॅकवर लादून घेणार नाही, पण जाकिटाखाली पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा थर घ्यावा. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरीच बऱ्या.

आणि मग सॅक. तिच्यावरचं रेनकव्हर वाऱ्यात उडतं, शिवाय पाठीकडून उतरणारं पाणी त्याला थांबवता येत नाही. खताच्या गोणीत असते तसली जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत घालावी, सामान तिच्यात भरावं आणि तोंड पिळून दुमडावं. मुक्कामाचा एक कोरडा जोड आणि स्लीपिंग बॅग त्यात. तो जोड सकाळी कितीही मोह झाला तरी घालायचा नाही, ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. हा नियम मोडणारा दुसऱ्या रात्री कुडकुडतो. बुटांचं थोडक्यात: वॉटरप्रूफ घेऊ नका. ओढ्यात पाणी वरून शिरतं आणि मग बाहेर येत नाही. शेवाळलेल्या कातळावर पकड धरणारे, पाणी निथळणारे बूट बघा.

नव्या सामानाची परीक्षा कड्यावर नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाच्या दिवशी भरल्या सॅकनिशी कान्हेरीपर्यंत चढून या. कुठे गळतं, कुठे घासतं, सगळं समजेल.

हा अंक हातात पडेल तेव्हा पावसाळा सरलेला असेल आणि ते जाकीट माळ्यावर गेलेलं असेल. ते खाली काढा. आतल्या पॉलियुरेथेनच्या लेपाला दमट उबेचं वावडं आहे. घडी घालून, पिशवीत कोंबून ठेवलेलं जाकीट उपनगरातल्या दमट हवेत हळूहळू चिकट होतं, लेपाचे पापुद्रे सुटतात, शिवणीच्या पट्ट्या उखडतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, सावलीत पुरतं वाळवा आणि कपाटात हँगरला सैल टांगा. दिवाळीच्या आवराआवरीत तेवढं एक काम होऊन जाईल.