डोंगरांचीं नांवें आणि घराण्यांचीं आडनांवें

पुण्यास नव्यानें आलेल्या पाहुण्यास वाट सांगतांना जुन्या पुणेकराच्या तोंडीं पर्वतीचें नांव आल्याशिवाय राहत नसे. पर्वती उजव्या हातास ठेवून चालत राहा, एवढें सांगितलें कीं पाहुणा चुकत नसे. नानासाहेब पेशव्यांनीं या टेकडीवर १७४९ सालीं देवालय बांधलें. पण वाटसरूची खूण म्हणून टेकडीचा उपयोग देवालयाच्या फार पूर्वीचा असला पाहिजे. घरें पडतात, झाडें तोडलीं जातात, नदी पात्र बदलते, नवे रस्ते जुन्या वाटा पुसून टाकतात. डोंगर मात्र पणजोबांनीं जेथें पाहिला तेथेंच पणतवास दिसतो. ठिकाणास नांव देतांना, आणि पुढें त्या ठिकाणावरून आपलें नांव घेतांना, मनुष्यानें डोंगराचा इतका आश्रय कां केला, याचें उत्तर या एका गुणांत सांपडतें.

सह्याद्रीच्या रांगेंत अशा खुणा पावलोपावलीं आहेत. सातवाहनांच्या काळीं कल्याणाहून जुन्नरकडे जाणारा व्यापार नाणेघाटानें चालत असे. त्या घाटाच्या माथ्यावर 'नानाचा आंगठा' या नांवाचा जो कडा आहे तो खालच्या कोंकणपट्टींतून दुरूनच ओळखतां येतो. बैल हांकणाऱ्या माणसास नकाशा नको होता. आंगठा दिसला कीं वाट बरोबर आहे, एवढें त्यास पुरेसें होतें. पनवेलजवळील कर्नाळ्याचा सुळका असाच लांबवर दिसतो, आणि इंग्रजी अमदानींत त्याच्या आकारावरून 'फनेल हिल' असें त्याचें नांव पडलें होतें. शास्त्रासहि या खुणांवांचून चालत नाहीं. १८०२ सालीं विल्यम लँबटन यानें मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, तेव्हां डोंगरमाथे हींच त्याचीं निरीक्षणाचीं मोक्याचीं स्थानें ठरलीं. हें काम चालवीत असतांच १८२३ सालीं तो हिंगणघाट येथें वारला.

जी खूण वाटेस उपयोगी, तीच वस्तीच्या नांवास उपयोगी. मराठी भाषेंत उंच भूमीच्या निरनिराळ्या रूपांस निरनिराळे शब्द आहेत: डोंगर, टेकडी, टेकाड, टेंब, पठार, कडा, सुळका, घाट, खिंड, आणि कोंकणांतील जांभ्या दगडाचा सपाट सडा. जेथें वस्ती झाली तेथें यांपैकीं जवळचा शब्द बहुधा गांवास चिकटला. मुंबईच्या गिरगांवाची व्युत्पत्ति मलबार टेकडीच्या पायथ्याचें गांव, म्हणजे गिरिग्राम, अशी सांगतात. त्याच शहरांतील डोंगरी या भागाचें नांव तेथील उंचवट्यावरून पडलें. आज दाट वस्तींतून जाणाऱ्या माणसास तेथें डोंगर होता हें नांवावरूनच कळावयाचें.

येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. गांवाच्या नांवापासून घराण्याच्या आडनांवापर्यंतची पायरी मात्र थोडी नीट समजून घेतली पाहिजे. जेजुरींत राहणाऱ्यास जेजुरींतील लोक जेजुरीकर म्हणत नाहींत. तेथें सगळेच जेजुरीचे. तो मनुष्य चाकरीसाठीं, विद्येसाठीं किंवा दुष्काळामुळें परगांवीं गेला, म्हणजे तेथील लोक त्यास 'हा जेजुरीचा' या अर्थानें जेजुरीकर म्हणूं लागतात. तात्पर्य, ज्यास 'कर' हा प्रत्यय लागला त्या घराण्यानें बहुधा केव्हां तरी आपलें गांव सोडलेलें असतें. पुढें दोन-तीन पिढ्या हेंच नांव चाललें, आणि शाळेचा पट, न्यायकचेरींतील दावे व सरकारी दप्तरें यांत तें लिहिलें गेलें, कीं तें कायमचें झालें. मग घराण्यानें पुन्हां गांव बदललें तरी नांव बदलत नाहीं.

डोंगराशीं संबंध असलेल्या मराठी आडनांवांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग विशिष्ट डोंगरावरून किंवा त्याच्या पायथ्याच्या गांवावरून आलेल्या नांवांचा. सासवडचें पुरंदरे घराणें दक्षिणेस दिसणाऱ्या पुरंदर किल्ल्याच्या नांवानें ओळखलें जातें. १६६५ सालीं शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यामध्यें तह झाला तो हाच पुरंदर. आज्ञापत्राचे कर्ते म्हणून प्रसिद्ध असलेले रामचंद्रपंत अमात्य यांचें घराणें बावडेकर म्हणविलें जातें. त्यांच्या जहागिरीचा बावडा म्हणजे गगनगडाच्या पायथ्याचें गगनबावडा. आज्ञापत्रांत किल्ल्यांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे, ही गोष्ट येथें सहज आठवते. गोमंतकांत केपें तालुक्यांत पारोडें येथें चंद्रनाथाचा डोंगर आहे. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचें देवालय आहे आणि लोक त्या स्थानास नुसतें 'पर्वत' म्हणतात. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर यांच्या कीर्तीमुळें त्या एका डोंगराचें नांव संगीताच्या बैठकींतून साऱ्या महाराष्ट्रास परिचित झालें.

दुसरा वर्ग भूमीच्या रूपावरून पडलेल्या नांवांचा. डोंगरे, टेंबे, पठारे, घाटे, दरेकर, सडेकर हीं नांवें या वर्गांत येतात. यांत कोणता डोंगर आणि कोणती दरी हें नांवांत सांगितलेलें नसतें. ज्या काळीं हें नांव पडलें त्या काळीं सांगण्याची गरजहि नव्हती. गांवाच्या वरच्या अंगास राहणारे ते डोंगरे, एवढें ऐकणारास पुरे होत असे.

तिसरा वर्ग गडावरील अधिकाराचा. शिवकालीं किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत, आणि कोठाराची व्यवस्था कारखानिसाकडे असे. एकाच्याच फितुरीनें गड जाऊं नये, हा त्यांतील हेतु. हे चारही हुद्दे आज आडनांवें होऊन राहिले आहेत. मात्र असे हुद्दे गडांखेरीज इतरत्रहि असत, हें विसरतां कामा नये. गडकरी हें नांव निःसंशय गडाचें. गडाची राखण वंशपरंपरेनें करावी आणि त्याबद्दल नेमून दिलेल्या जमिनीवर निर्वाह करावा, अशी या लोकांची रीत होती.

गडकरी या शब्दाच्या पाठीशीं एक दुःखद इतिहास आहे. १८४४ सालीं कोल्हापूर संस्थानांत नवी कारभारव्यवस्था सुरू झाली, आणि गडकऱ्यांच्या जमिनींची देखरेख मामलेदारांच्या हातीं देण्याचें ठरलें. सामानगडच्या गडकऱ्यांनीं दरवाजे लावून घेतले. भुदरगडानें त्यांचें अनुकरण केलें. इंग्रजी फौजेनें हा उठाव मोडला, अनेक किल्ल्यांची तटबंदी पाडण्यांत आली आणि पिढ्यानपिढ्यांची चाकरी संपली. गड गेला, जमीन गेली, पण हुद्द्याचें नांव गेलें नाहीं. अर्थात् सर्व गडकरी एका कुळाचे किंवा एका गडाचे नव्हत. नाटककार राम गणेश गडकरी यांचा जन्म १८८५ सालीं नवसारीस, म्हणजे गुजराथच्या सपाट प्रदेशांत झाला. डोळ्यांसमोर एकहि गड नसतां नांवांत गड बाळगणारीं अशीं घराणीं पुष्कळ आहेत.

डोंगरावरून आडनांव घेण्याची ही रीत मराठी मुलखापुरती नाहीं. इंग्लंडांत 'हिल' आणि टेकडीखालचा या अर्थाचें 'अंडरहिल' हीं आडनांवें आहेत. जपानांत १८७५ सालीं प्रत्येक कुटुंबास आडनांव घेणें कायद्यानें सक्तीचें झालें. तेथील यामामोतो या नांवाचा अर्थ डोंगराचा पायथा, आणि यामागुचि याचा अर्थ डोंगराचें मुख. भाषा निराळी, धर्म निराळा, पण घराची खूण सांगतांना मनुष्याची दृष्टि सर्वत्र प्रथम उंच वस्तूकडे वळली, एवढें यावरून दिसतें.

आतां इशाऱ्याचे दोन शब्द. आडनांव ऐकतांच त्याचा अर्थ सांगून मोकळें होण्याची हौस सुशिक्षितांत फार. ती बहुधा फसवते. घाट हा शब्द डोंगरांतील चढणीस लागतो तसाच नदीकांठच्या पायऱ्यांसहि लागतो. तेव्हां घाट्यांचा घाट कोणता, हें नुसत्या शब्दावरून ठरत नाहीं. टेंब म्हणजे उंचवटा, पण टेंभा म्हणजे मशाल. माळी हें नांव ओसाड माळावरून आलेलें नव्हे. तें फुलांच्या माळेशीं संबद्ध आहे. पठारे आणि मुंबईचे पाठारे प्रभु यांत केवळ एका कान्याचा फरक, म्हणून त्यांस एक समजणें चूक होईल. रायरी हें रायगडाचें जुनें नांव. परंतु भोर तालुक्यांत रायरेश्वराच्या पायथ्याशींहि रायरी नांवाचें गांव आहे. तेव्हां रायरीकर नांवाच्या कुटुंबानें राजधानीच्या गडाशीं नातें जोडण्यापूर्वीं हें दुसरें गांव विचारांत घ्यावयास हवें. डोंगरगांव आणि दरें या नांवांचीं गांवें तर एकाहून अधिक जिल्ह्यांत आहेत.

मग खरा डोंगर शोधावा कसा? आरंभ घरांतील वृद्ध स्त्रियांपासून करणें उत्तम. त्यांस माहेरचें आणि सासरचें अशीं दोन्ही कुळें ठाऊक असतात, आणि कुळाचाराच्या निमित्तानें कोणत्या गांवच्या देवास नारळ जातो, हें त्यांस पक्कें आठवतें. कुलदैवताचें ठिकाण कळलें कीं मूळ गांवाची दिशा पुष्कळदां सांपडते. दुसरें साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर इत्यादि क्षेत्रीं यात्रेकरूंचें नांव, गांव आणि पूर्वजांचीं नांवें लिहून ठेवण्याची चाल आहे. अमुक आडनांव केव्हांपासून लावूं लागले, याचाहि उलगडा तेथें कधीं कधीं होतो. तिसरें साधन वतनाचे आणि जमिनीचे कागद. विसाव्या शतकांत अनेक घराण्यांनीं कुलवृत्तान्त छापून प्रसिद्ध केले, त्यांत अशा कागदांचा उपयोग केलेला आढळतो. शेवटीं सर्वेक्षण खात्याचा नकाशा घेऊन त्या गांवीं स्वतः जावें. नकाशावर डोंगराची उंची असते, पण गांवकरी त्या डोंगराच्या प्रत्येक सोंडेस आणि खिंडीस काय म्हणतात, हें पुष्कळदां तेथील गुराखीच सांगूं शकतो.

हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. खडीसाठीं आणि रस्त्यांसाठीं टेकड्या फोडल्या जात आहेत. त्यांबरोबर लहान लहान नांवें नाहींशीं होतात. कधीं डोंगरच गांव घेऊन जातो. रायगड जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांत इरशाळगडाचा सुळका आहे. त्याच्या अंगावरील ठाकरांची वस्ती गडाच्या नांवावरून इरशाळवाडी म्हणून ओळखली जाई. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं मुसळधार पावसांत दरड कोसळून ती वाडी गाडली गेली. अनेक माणसें दगावलीं. जीं वांचलीं त्यांस ती जागा कायमची सोडावी लागली. त्यांच्या मुलांस आपलें गांव कोणतें असें कोणी विचारलें, तर उत्तरादाखल नांव सांगतां येईल, डोंगरहि दाखवितां येईल, पण घर दाखवितां येणार नाहीं.

पूर्वीं ज्या घराण्यांनीं डोंगराकडे पाठ फिरवून शहराची वाट धरली, त्यांपैकीं किती हौसेनें निघालीं आणि किती निरुपायानें, हें आडनांवावरून कळत नाहीं. तें घरांतल्या वडील माणसांच्या आठवणींत असतें, आणि त्यांच्याबरोबर जातें. म्हणून ज्याच्या नांवांत डोंगर, गड, घाट किंवा दरी असेल, त्यानें येत्या सुटींत वडिलांस आणि आजीस चार प्रश्न विचारावे: मूळ गांव कोणतें, तालुका कोणता, देव कोठला, आणि गांव कां सोडलें. उत्तरें मिळतील तीं तारीख घालून वहींत लिहून ठेवावीं. डोंगर पाहावयास मागाहून जातां येईल; उत्तर देणारें माणूस तोंवर असेलच असें नाहीं.