नमुना आणा, करून देतो

वागळे इस्टेटच्या एखाद्या लेथ शॉपमध्ये जुन्या यंत्राचा झिजलेला बुश घेऊन जा. टर्नर तो बोटांत फिरवतो, आतून-बाहेरून माप घेतो आणि विचारतो, ‘किती नग?’ ‘एकच’ म्हटलं की भाव चढतो. सेटिंगचा वेळ एका नगालाही तेवढाच लागतो ना!

हाच हिशेब अणुशक्तीवरच्या विमानवाहू जहाजाचा. अशी जहाजं फक्त अमेरिका आणि फ्रान्सकडे आहेत. १९६१ मध्ये आलेलं अमेरिकेचं ‘एंटरप्राइझ’ त्यांतलं पहिलं. आठ अणुभट्ट्या, पण त्या जातीचं जहाज एकच. त्यामुळे म्हातारपणी बरेच सुटे भाग बाजारात मिळेनात, मुद्दाम बनवून घ्यावे लागले. अणुभट्टीचं काम शेवटी वाफ करण्याचंच. पुढे टर्बाइन, पंप, व्हॉल्व्ह, गॅस्केट हे सगळं ओळखीचं सामान. इंधन कित्येक वर्षं पुरतं. गॅस्केट बिचारं तेवढं टिकत नाही.

आपल्याकडे अणुशक्तीची विमानवाहू नौका नाही. जुनी ‘विक्रांत’ही १९६१ चीच, साध्या बॉयलरवर चालणारी. १९७१ च्या युद्धात तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले होते. उरलेल्या तिन्हींवर, कमी वेगाने ती बंगालच्या उपसागरात लढली. २०२२ ची नवी ‘विक्रांत’ गॅस टर्बाइनवर चालते. तिला बॉयलरच नाही.