हद्दवाढ : सूसपासून ब्रुसेल्सपर्यंत

मुळशी तालुक्यातल्या सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक या गावांच्या ग्रामपंचायती २०२१ च्या जूनअखेर संपल्या. एकूण २३ गावे पुणे महापालिकेत आली आणि शहराची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. सरपंच गेले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला आणि निवडणूक वर्षानुवर्षे लांबली. मिळकतकर लागू झाला, पण पाण्याच्या टँकरची, ड्रेनेजची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जावे असा हक्काचा नगरसेवक गावाला नव्हता. गाव शहराचे झाले, शहराच्या सभागृहात मात्र गावाचा आवाज नव्हता. हा अन्याय आहे, आणि तो किरकोळ नाही.

युरोपीय संघाची रीत याच्या उलटी आहे. तिथे दारातच कस लागतो. १९९३ च्या कोपनहेगन निकषांनुसार उमेदवार देशाकडे स्थिर लोकशाही, स्पर्धेत टिकणारी बाजारपेठ आणि संघाचे सगळे कायदे पेलण्याची ताकद लागते. शिवाय प्रत्येक जुन्या सदस्याचा होकार हवा. ग्रीसचा आक्षेप मिटावा म्हणून मॅसिडोनियाने २०१९ मध्ये देशाचे नाव बदलून 'उत्तर मॅसिडोनिया' केले. २०२० मध्ये भाषा आणि इतिहासाचा वाद काढून बल्गेरियाने वाट अडवली. तुर्कस्तानशी २००५ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी केव्हाच थांबल्या आहेत. युक्रेनला २०२२ मध्ये उमेदवारी मिळाली, तेव्हा त्याची अफाट शेती आणि संघाची शेतीची अनुदाने यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न उभा राहिला. पण एकदा आत आलेल्या देशाला पहिल्या दिवसापासून मत असते. १ मे २००४ रोजी एकदम आलेल्या दहाही देशांना ते मिळाले.

कोपनहेगनमध्ये आणखी एक अट होती : नवे सदस्य सामावून घेण्याची संघाची स्वतःची क्षमता. तिची चर्चा सर्वांत कमी होते, आणि माझ्या मते तीच पहिली तपासायला हवी.

सामावून घेण्याची क्षमता नसली तर काय होते, याचा आपल्याकडे जुना दाखला आहे. १९४७ मध्ये औंध, भोर, फलटण, सांगली, रामदुर्ग, सावनूर, मिरजेची धाकटी आणि कुरुंदवाडची थोरली पाती अशा आठ संस्थानांनी 'संयुक्त दक्षिणी संस्थान' उभारण्याचे ठरवले. मुळशीच्या शेजारचे भोर संस्थान घाटाखाली सुधागड-पालीपर्यंत पसरलेले, सांगलीचा मुलूख तर तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. सीमा सलग नाही, उत्पन्न तुटपुंजे, आणि सह्या राजांच्या. संस्थानी प्रजेची बाजू मांडणाऱ्या प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांना मुंबई प्रांतात जायचे होते. हा संघ उभाच राहू शकला नाही. ८ मार्च १९४८ रोजी या संस्थानांचे मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले.

गोव्यात मात्र लोकांना विचारले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याचा पर्याय ३४,०२१ मतांनी हरला. मराठी माणसाला तो निकाल लागला असेल. पण त्या दिवशी प्रश्न गोवेकरांपुढे ठेवला गेला, हे मला त्या निकालापेक्षा मोठे वाटते. मुळशीला न विचारता ठरवलेल्या गोष्टींची किंमत ठाऊक आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ चा सत्याग्रह याच खोऱ्यात झाला.

आत घेतलेले बाहेरही पडतात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये पुण्यात आली. करावरून तक्रारी वाढत गेल्या, आणि अखेर ती वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

आता हिंजवडी, माण आणि मारुंजी पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, ही जुनी मागणी पुन्हा पुढे येत आहे. आयटी पार्कची वाहतूक आणि कचरा ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला नाही, हे खरे. तरीही त्या प्रस्तावात रस्ते-पाण्याच्या खर्चाआधी एक ओळ यावी : ग्रामपंचायत विसर्जित होईल त्याच दिवशी गावाचा निवडून आलेला प्रतिनिधी सभागृहात कसा बसेल.