एका गुणाचीं दोन नांवें

माहेरची यमुना सासरीं लक्ष्मी झाली, तरी बाई एकच. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनीं १९९५ सालीं लोकांपुढें ठेविलेल्या ‘रूबी’ या संगणकभाषेंतहि एका गुणाला दुसरें नांव देतां येतें. मात्र तेथें हा दाखला पुरता लागू पडत नाहीं.

समजा, लहान मुलांच्या दवाखान्याच्या नोंदींत ‘वजन’ हा गुण आहे. ‘अ‍ॅट्र-अ‍ॅक्सेसर’ ही एक आज्ञा दिली कीं भाषा दोन पद्धती घडविते: ‘वजन’ ही आंकडा वाचून सांगणारी, आणि ‘वजन=’ ही नवा आंकडा लिहिणारी. ‘भार’ हें उपनांव हवें असेल तर ‘एलियस-मेथड’ ही आज्ञा दोहोंसाठीं निरनिराळी द्यावी लागते. एकदांच दिली, तर भार वाचतां येतो, लिहितां येत नाहीं. यंत्र तेथेंच अडून बसतें, आणि चूक उघडकीस येते.

खरा धोका निराळा आहे. उपनांव मूळ नांवाला बांधलेलें नसून, तें देण्याच्या क्षणीं जी पद्धत होती तिलाच बांधलेलें असतें. पुढें कोणी ‘वजन=’ नव्यानें लिहून, १४ किलोंच्या जागीं चुकून पडलेले १४० नाकारणारी तपासणी तींत घातली, तरी ‘भार=’ आपली जुनीच वाट चालते. औषधाची मात्रा वजनावरून ठरते, आणि यंत्र तर अवाक्षर काढीत नाहीं! म्हणून तपासणी आधीं लिहावी, उपनांव मागाहून द्यावें; किंवा ‘भार=’ ही स्वतंत्र पद्धत लिहून तिच्याकडून दर वेळीं ‘वजन=’लाच हांक मारवावी. चार ओळी अधिक पडतात खऱ्या. पण मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण मूळ पद्धतींत केलेला बदल मग भारालाहि आपोआप लागू होतो.