रिकामं रान म्हणजे तिरंदाजीचं मैदान नव्हे

धनुष्य विकत घेणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. घोडं अडतं ते पुढं, सराव कुठं करायचा या प्रश्नावर. बहुतेकांचं उत्तर तयार असतं: गावाबाहेरचा एखादा माळ, टेकडी किंवा नदीचं पात्र बघायचं, तिथं कोण येतंय आणि कोण हरकत घेतंय! या उत्तरात दोन गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत. मोकळी जागा कोणाचीच नसते, हा एक. जिथं माणूस दिसत नाही ती जागा सुरक्षित, हा दुसरा. खरं तर जागा पारखायची ती दोन वेगळ्याच प्रश्नांवर: ती कोणाच्या ताब्यात आहे, आणि चुकलेला बाण कुठं जाऊन थांबणार आहे? यांची उत्तरं नसतील तर ओसाड माळरानही उपयोगाचं नाही. असतील तर वस्तीजवळचं शेतसुद्धा चालू शकतं.

'धनुष्याला परवाना लागत नाही, मग अडचण कसली?' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. धनुष्य हे अग्निशस्त्र नाही आणि खेळाचं धनुष्य घ्यायला बंदुकीसारखा परवाना लागत नाही, इथपर्यंत तो बरोबर आहे. पण परवाना न लागणं म्हणजे निरुपद्रवी असणं नव्हे. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागतो. चांगल्या रिकर्व्ह धनुष्यातून वीस ग्रॅमचा बाण सेकंदाला ५५ मीटर वेगानं सुटला तर त्याची ऊर्जा ३० जूलच्या घरात जाते, आणि कंपाउंड धनुष्य त्याच्याही बरंच पुढं असतं. शिवाय परवान्याचा कायदा हा एकच कायदा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा शारीरिक इजा करू शकणाऱ्या वस्तू बाळगण्यावर आणि काहीही फेकण्याच्या वा सोडण्याच्या साधनांवर बंदी घालता येते. सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात असे आदेश नेमानं निघतात. कोणाला इजा झाली नाही तरी इतरांचा जीव धोक्यात येईल असं बेदरकार कृत्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. इजा झाली तर शिक्षा वाढते. थोडक्यात, कायदा धनुष्य कुठं आणि कसं चालवलं हे बघतो.

आता मोकळ्या जागेच्या मालकीकडे येऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिचं कलम २० याबाबत स्पष्ट आहे: नद्या, ओढे, तलाव यांचे तळ, सार्वजनिक रस्ते आणि ज्यांवर कोणा व्यक्तीची मालकी नाही अशा सगळ्या जमिनी राज्य शासनाच्या आहेत. म्हणजे 'कोणाचीच नाही' असा प्रकार जमिनीत उरतच नाही. गायरान दिसायला मोकळं असलं तरी ते गुरांच्या चराईसाठी राखलेलं असतं. तिथं गवतात हरवलेला कार्बनचा बाण गुराच्या पायात किंवा पोटात जाऊ शकतो, हा मुद्दा शहरातून आलेल्या हौशी मंडळींच्या ध्यानात सहसा येत नाही. खाजगी जमिनीचं त्या मानानं सोपं आहे. सातबारा बघितला की कब्जेदार कोण ते कळतं, आणि विचारायचं कोणाला हेही ठरतं.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज जंगलाबद्दलचा आहे. चित्रपटांमुळं म्हणा किंवा पुराणकथांमुळं म्हणा, धनुष्य आणि अरण्य यांची जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२, यातल्या 'शस्त्र' या संज्ञेच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि कलम ३१ नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेशच करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू आहे. बाण सोडला की नाही हा प्रश्न पुढचा. धनुष्य घेऊन आत जाणं एवढंच पुरेसं आहे. भीमाशंकर, कर्नाळा, राधानगरी, मुंबईचं संजय गांधी उद्यान, सगळीकडे हाच नियम. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनांतही भारतीय वन अधिनियमाची बंधनं आहेतच, आणि पुण्यासारख्या शहरात ज्यांना आपण नुसत्या 'टेकड्या' म्हणतो त्यांचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. यावर कोणी म्हणेल, आदिवासी पाड्यांवर तर तिरकमठा पिढ्यान्‌पिढ्या आहे. आहे, पण २००६च्या वनहक्क कायद्यानं परंपरागत हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. ज्यांची पिढीजात वहिवाट आहे त्यांना जिथं मर्यादा आहे, तिथं शनिवार-रविवारच्या हौशी तिरंदाजाला सूट कुठून मिळणार?

एवढं सगळं निस्तरून हक्काची जमीन मिळाली तरी सुरक्षिततेचा प्रश्न उरतो, आणि तिथं सामान्य समजूत उलट्या दिशेनं धावते. नवख्याला वाटतं, आपण कुठं ७० मीटरवर मारतोय. लक्ष्य तीसच मीटरवर ठेवू, म्हणजे छोटीशी जागा पुरेल. जागतिक तिरंदाजी महासंघाचं नियमपुस्तक नेमकं याच्या विरुद्ध सांगतं. लक्ष्य ९० मीटरवर असेल तर त्याच्या मागं किमान ५० मीटर जागा निर्धोक हवी, आणि लक्ष्य जवळ आणत ३० मीटरवर आणलं की मागची जागा ११० मीटरपर्यंत वाढवायची. बेरीज दोन्हीकडे १४० मीटरच येते. कारण बाणाला लक्ष्य कुठं ठेवलंय हे ठाऊक नसतं. तो हुकला की त्याचा पल्ला त्याच्या वेगावर आणि सुटताना झालेल्या कोनावर ठरतो. सेकंदाला ५५ मीटर वेगाच्या बाणाला तीस मीटरवरचं लक्ष्य गाठायला जेमतेम तीन अंशांचा चढ लागतो. तोच बाण दहा अंशांत निसटला तर शंभर मीटरच्या आसपास जाऊन पडतो, आणि पंचेचाळीस अंशांत सुटला तर दोनशे मीटरच्या पलीकडे. म्हणूनच दोरी ओढताना बाणाचं टोक आभाळाकडे नेण्याची सवय स्पर्धेत चालवून घेतली जात नाही: चुकून सुटलेला बाण सुरक्षित पट्ट्याबाहेर जाईल अशा ढंगानं धनुष्य ओढायला नियमांचीच मनाई आहे. बाजूंचाही विचार आहे. लक्ष्य लांब असताना दोन्ही कडांना सुमारे वीस मीटर, जवळ, ३० मीटरवर असताना सुमारे तेरा.

एवढी जागा नसेल तर मागं भक्कम अडथळा उभारून हे अंतर कमी करता येतं. अडथळा कशाला म्हणायचं यातही गोंधळ आहे. झाडांची रांग, कुंपणाची मेंदी किंवा उभा ऊस यांत बाण अडेल असं वाटतं, पण त्यांतून तो आरपार जातो, आणि पलीकडे कोण आहे हे मारणाऱ्याला दिसत नाही. मोकळ्या मैदानापेक्षा हे वाईट. नियमपुस्तकानंही कुंपणाची झाडी आणि आरपार जाता येईल असं कुंपण नाव घेऊन बाद केलं आहे. विटांची भिंत किंवा जुन्या दगडखाणीचा कडा बाण थांबवतो खरा, पण परतवतोही, आणि तडकलेल्या कार्बनच्या चिरफळ्या हातात घुसतात त्या वेगळ्याच. कामाचा अडथळा म्हणजे मऊ मातीचा उंच भराव, किंवा सैल सोडलेली तिरंदाजीची खास जाळी. ताणून बांधलेल्या जाळीतून बाण निसटू शकतो. सैल जाळी त्याचा वेग खाते.

यावर खरा आक्षेप असा, की इतकं सगळं पाळायचं तर हा खेळ मोठ्या शहरातल्या क्रीडासंकुलांपुरताच राहील. साताऱ्याकडे पाहिलं तर तसं म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात एकाच दिवशी आदिती स्वामी आणि ओजस देवतळे हे दोघं वैयक्तिक विश्वविजेते झाले. दोघंही साताऱ्याच्या अकादमीत घडलेले, आणि ती अकादमी उसाच्या शेतजमिनीवर उभी राहिलेली. शेतजमीन ही सबब होऊ शकत नाही. फरक एवढाच, की तिथं जागा ठरलेली आहे, बाणांची दिशा ठरलेली आहे आणि मैदानावर कोण कधी जाणार यावर प्रशिक्षकाचा ताबा आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि राज्य तिरंदाजी संघटनेच्या जिल्हा शाखेत चौकशी केली तर जवळचं चालू मैदान कळतं. नवख्यानं सुरुवात तिथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथं शिट्टीची शिस्त आपोआप लागते: दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर, एक झाली की मारायला सुरुवात, तीन झाल्या की बाण आणायला, आणि पाच किंवा अधिक म्हणजे जिथं असाल तिथं थांबा.

स्वतःची जागाच करायची असेल तर शेतमालकाची परवानगी लेखी घ्या, स्थानिक पोलीस ठाण्याला कळवून ठेवा आणि पायवाट, पाणंद, विहीर यांपैकी काही बाणाच्या रेषेत येतं का ते चालत जाऊन पाहा. सकाळी शाळेच्या वाटेवर मुलं असतात, संध्याकाळी गुरं परततात. पाहणी या दोन्ही वेळांना करा. आपल्याकडे तोंड उत्तरेला ठेवून मारलं तर सकाळ-संध्याकाळचा सूर्य डोळ्यांवर येत नाही. आणि यांपैकी काहीच जमत नसेल तर चहूबाजूंनी बंद आवारात, मागं जाळी लावून, तीन-चार मीटरवरच्या मोठ्या गठ्ठ्यावर नुसत्या ढबीचा सराव करा. अव्वल तिरंदाजही तो करतात.