हिंगोलीची धूळ, कोकणची ओल : फिनाइलशिवाय घर स्वच्छ कसं ठेवाल?

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात घर साफ करायचं म्हणजे धुळीशी झुंज. घट बसण्याआधी गोधड्या धुतल्या, उन्हात टाकल्या की संध्याकाळपर्यंत कडक वाळतात. हीच सवय घेऊन मराठवाड्यातली मंडळी नोकरीसाठी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडला जातात. जिल्हा परिषदेच्या शाळांत तर असे शिक्षक बरेच. पहिल्याच पावसाळ्यात चपलांवर हिरवट बुरशी येते, सर्टिफिकेटची फाइल कुबट वासाची होते. मग फिनाइल, ब्लीच, अ‍ॅसिडच्या बाटल्या घरात येतात. यातल्या बहुतेकांची गरज नसते.

नेमकं काय होतं?

हिंगोलीत वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३ हजारांहून जास्त. पण खरा त्रास हवेतल्या ओलाव्याचा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की चामडं, कागद, लाकूड, भिंत यांवर बुरशी वाढू लागते. किनाऱ्यावर पावसाळ्यात हा आकडा ८०-९०च्या घरात असतो.

त्यात समुद्रावरून येणारं मीठ. आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून पंख्याची पाती चिकट होतात, खिडकीचे गज गंजतात. याला साबण लागत नाही. मीठ पाण्यात विरघळतं. पिळलेलं ओलं फडकं फिरवायचं आणि लगेच कोरडं.

थोडक्यात, इथे साफसफाई म्हणजे आधी घर कोरडं ठेवणं. फरशीवर बादलीभर पाणी ओतून धुण्याची हौस पावसाळ्यात आवरा. घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा, वर पंखा लावा. भाजी-भात झाकण ठेवून शिजवा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका, त्यातलं पाणी शेवटी भिंतीतच मुरतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. उघडीप मिळाली की गाद्या, चपला, पुस्तकं बाहेर काढा.

व्हिनेगर कुठे, कुठे नाही?

लाकडी कपाटाच्या आतल्या बुरशीवर पांढरं व्हिनेगर बऱ्यापैकी चालतं. तासभर ठेवून पुसायचं आणि दार उघडं टाकायचं. पण मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ते सगळीकडे शिंपडू नका. कडप्प्याचा ओटा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचे दगड. व्हिनेगर किंवा लिंबानं त्यांची चमक कायमची जाते. तिथे रिठ्याचं पाणी वापरा. रिठ्यात नैसर्गिक फेस आणणारं द्रव्य असतं, तेलकटपणा निघतो. मात्र दमट हवेत हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच उकळा.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करण्याचा प्रकारही असाच. फेस भरपूर येतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा.

भिंतीसाठी जुना चुनाच बरा. ताजी सफेदी इतकी अल्कलीयुक्त असते की बुरशीला त्यात जगता येत नाही, शिवाय भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. ऑइलपेंट ही ओल आत कोंडतो, मग पोपडे धरतात. चुन्याची ही ताकद हवेमुळे हळूहळू कमी होते, म्हणून हात दरवर्षी द्यावा लागतो. तोही पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात. कोकणात मोठी साफसफाई गणपतीसाठी होते आणि तेव्हा भिंत ओलीच असते. चुना कालवताना डोळे मात्र जपा.

हे कधीच करू नका

बाथरूमची बुरशी जात नाही म्हणून कुणी ब्लीचिंग पावडरवर टॉयलेटचं अ‍ॅसिड ओततं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या, बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो, जीवही घेऊ शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू मिसळलं तरी हाच धोका. चुकून मिसळलंच तर बाटल्या तिथेच सोडून बाहेर या, दारं-खिडक्या उघडा. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा.

घरात दम्याचा रुग्ण असेल तर बुरशी कोरड्या झाडूनं झटकू नका, बीजाणू हवेत उडतात. नाकाला रुमाल बांधा, ओल्या फडक्यानं टिपून घ्या. एवढं करूनही डाग महिनाभरात त्याच जागी परत आला, तर पुसत बसण्यात अर्थ नाही. कुठेतरी पाइप किंवा छत गळतंय, घरमालकाला बोलवा.